लाखाच्या स्टेडियमातला शनिवार

अमेरिकेत सप्टेंबर ते नोव्हेंबरातले शनिवार कॉलेज फुटबॉलचे असतात. शुक्रवारी शाळा आणि ऑफिस सुटते, रात्री जेवताना विषय निघतो आणि पानावरून उठण्याआधी बेत पक्का होतो : उद्या मुलांना गाडीत घालायचे आणि सामना बघायला निघायचे. शिकागोच्या नेपरव्हिल, शॉमबर्ग या उपनगरांत मराठी कुटुंबे बरीच आहेत. तिथून एका दिवसात जाऊन येण्याजोगे सर्वांत मोठे मैदान म्हणजे मिशिगन विद्यापीठाचे, ॲन आर्बर या गावातले. अंतर सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे वसईहून कोल्हापूर गाठण्याएवढे.

कॉलेजच्या सामन्यासाठी एवढी धावपळ कशाला, असे वसईतल्या पापडीच्या वाचकाला वाटणे साहजिक आहे. भारतात आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ पासूनचा आहे. सुनील गावसकरांसारखे खेळाडू त्यात खेळून वर आले. तरी ते सामने बघायला कोणी मुलांना घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात जात नाही. अमेरिकेत इतिहास उलट दिशेने घडला. पहिला कॉलेज फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. आजची व्यावसायिक लीग आली ती १९२० मध्ये, पन्नास वर्षांनी. तोवर लोकांचा जीव कॉलेजच्या संघांवर जडून गेला होता. त्यात अनेक मोठी सरकारी विद्यापीठे महानगरांत नसून लहान गावांत आहेत, आणि त्या गावांना व्यावसायिक संघ नाहीत. त्यामुळे विद्यापीठाचा संघ तोच गावाचा, आणि पुष्कळदा साऱ्या राज्याचा. डिसेंबरच्या अखेरीस कला-क्रीडा महोत्सवासाठी वसईचे मैदान भरते, तेव्हा घरातले कोणी खेळत नसले तरी माणसे जातात, कारण महोत्सव आपल्या वसईचा असतो. इथला शनिवार समजायला तीच भावना धरून चालावे.

प्रवासाचा मार्ग सरळ आहे. इंटरस्टेट ९४ हा महामार्ग धरायचा आणि इंडियाना ओलांडून मिशिगनमध्ये शिरायचे. १९५६ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या महामार्गांची क्रमांकपद्धत मुलांना शिकवण्यासारखी आहे. सम आकडा म्हणजे पूर्व-पश्चिम रस्ता, विषम म्हणजे दक्षिणोत्तर. बाहेर पडायच्या वाटांना बहुतेक राज्यांत मैलांचे आकडे असतात. ॲन आर्बरच्या स्टेट स्ट्रीटची वाट १७७ क्रमांकाची आहे. इंडियानाची हद्द ओलांडल्यापासून १७७ मैल झाले की ती येते. मागच्या सीटवरचे मूल ‘अजून किती?’ म्हणून विचारू लागले की त्याला रस्त्याकडेच्या मैलाच्या पाटीवरचा आकडा १७७ मधून वजा करायला सांगावे. वाटेत बॅटल क्रीक लागते. केलॉग बंधूंनी कॉर्नफ्लेक्स तयार केले ते याच गावात.

आयत्या वेळी निघणारे एका जागी हमखास चुकतात. मिशिगनच्या हद्दीवर घड्याळ एक तास पुढे जाते. दुपारी बाराचा सामना म्हणजे शिकागोच्या घड्याळात अकरा. प्रवासाचे सव्वाचार तास, गाडी लावून चालत जायचा तासभर आणि मुलांसाठी दोन थांबे धरले, तर पहाटे पाचलाच गाडी सुरू व्हायला हवी. लहान मुलांसाठी गाडीत वेगळी सुरक्षा खुर्ची प्रत्येक राज्यात सक्तीची आहे. माणसे जास्त आहेत म्हणून दोन पोरांना मांडीवर घेऊ, असे इथे चालत नाही. तिकीट मोबाइलवरच येते आणि मोबाइलवरच दाखवायचे असते. हंगामाची तिकिटे घेतलेले लोक जमणार नसले की ती रीतसर पुन्हा विकायला काढतात. प्रतिस्पर्धी दुबळा असेल तर शुक्रवारी रात्री हे भाव बरेच उतरतात. ओहायो स्टेट विद्यापीठाशी सामना असेल तर मात्र आयत्या वेळचा विचार सोडून द्यावा. त्या दोघांचे वैर शंभर वर्षांहून जुने आहे आणि भावही त्याच तोलाचा असतो.

ॲन आर्बरची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे १ लाख २४ हजार होती. मिशिगन स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे, अमेरिकेतल्या कोणत्याही स्टेडियमपेक्षा अधिक. वानखेडेत तेहतीस हजारांच्या आसपास माणसे बसतात, म्हणजे तीन वानखेडे इथे मावतील. सामन्याच्या दिवशी गावात जणू दुसरे गाव येऊन उतरते. घरमालक अंगणातल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात. स्टेडियमसमोरच्या पायोनियर हायस्कूलचे आवार सकाळीच भरून जाते.

या आवारात जे चालते त्याला टेलगेटिंग म्हणतात. गाडीचे मागचे दार उघडायचे, शेगडी पेटवायची, हॉटडॉग भाजायचे, ओळख असो वा नसो, शेजारच्याला बोलवायचे. लाकडी फळीच्या भोकात मक्याच्या पिशव्या टाकायचा खेळ मांडलेला असतो आणि त्यात कोणाचेही मूल सामील होऊ शकते. मराठी कुटुंबाच्या गाडीतून स्टीलचा डबा निघतो. त्यात थालीपीठ असते, दशम्या असतात, आणि मूळचे वसईकर असतील तर एखाद्या वेळी इंद्याल-पावही. शेजारचा पिवळ्या टोपीतला आजोबा ‘हे काय?’ म्हणून विचारतो, तुकडा मोडून घेतो आणि बदल्यात मुलांच्या हातात भाजलेले कणीस देतो. परक्या देशातल्या माणसांशी मुलांची ओळख व्हायला याहून चांगली जागा नाही. डबा मात्र इथेच संपवावा. मिशिगन स्टेडियमात तो नेता येत नाही.

१९२७ मध्ये बांधलेले हे स्टेडियम बाहेरून बुटके दिसते, कारण त्याचा मोठा भाग जमिनीत खणून काढलेला आहे. रस्त्याच्या पातळीवरून आत शिरले की पायऱ्या खाली उतरत जातात आणि समोर एकदम लाखभर माणसे दिसतात. मुले तिथे क्षणभर बोलायची थांबतात. बसायला खुर्च्या नसून लांबलचक बाके आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन वीत जागा येते.

खेळाचे नाव फुटबॉल असले तरी पायाचा उपयोग थोडाच. हा जमीन जिंकण्याचा खेळ आहे. मैदान शंभर यार्डांचे, प्रत्येक बाजूला अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार डाव मिळतात. जमले तर नवे चार, नाहीतर चेंडू दुसऱ्यांचा. चेंडू टोकाच्या पट्टीत नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण. खांबांमधून लाथेने उडवला तर तीन. कबड्डी खेळलेल्या मुलाला पकड आणि झोंबी लगेच कळते. दहा यार्ड झाले की नाही याचा वाद पडला की कडेची माणसे दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी घेऊन धावत मैदानात येतात, ती ताणून धरतात, आणि लाखभर लोक चेंडू आणि काठी यांच्यातल्या चार बोटांच्या अंतराकडे श्वास रोखून बघतात.

आरडाओरड्यालाही नियम आहे. पाहुणा संघ चढाईवर असताना ओरडायचे, म्हणजे त्यांच्या क्वार्टरबॅकचे, चढाई चालवणाऱ्या गड्याचे, इशारे त्याच्याच गड्यांना ऐकू जाऊ नयेत. आपला संघ चढाईवर असला की गप्प बसायचे. हे मुलांना बापाने सांगावे लागत नाही, कारण बहुधा बापालाच ते ठाऊक नसते. पुढच्या बाकावरची चाळीस वर्षे येणारी एखादी आजी वळून सांगते, आणि तिसऱ्या डावापर्यंत पोरांना सगळे कळलेले असते.

खेळाची पंधरा मिनिटांची चार सत्रे असली तरी थांबत थांबत साडेतीन तास जातात. मध्यंतरातही कोणी जागा सोडत नाही, कारण तेव्हा विद्यार्थ्यांचे बँडपथक मैदानात उतरते. ‘द व्हिक्टर्स’ हे विद्यापीठाचे गीत लुई एल्बेल या विद्यार्थ्याने १८९८ मध्ये रचले. आजही ते आजोबा आणि नातू एकाच सुरात म्हणतात. हे वाजवणारे कोणी व्यावसायिक नव्हेत. ती इंजिनिअरिंगची, नर्सिंगची, इतिहासाची मुले असतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीपासून त्यांचा सराव चाललेला असतो. सामन्यापेक्षा या पथकासाठीच मुलांना एकदा इथे आणावे.

या खेळाची काळी बाजूही आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. १९०५ च्या हंगामात मैदानावर इतके मृत्यू झाले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले. त्यातूनच पुढच्या वर्षी आजच्या एनसीएए या नियामक संस्थेचा पाया पडला. डोक्याला बसणाऱ्या माराची चिंता अजून मिटलेली नाही. पैशांचाही अन्याय फार काळ चालला. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक, आणि खेळणाऱ्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नसे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ लागली. हे व्हायलाच हवे होते.

मुलींनाही या प्रवासात बघण्यासारखे पुष्कळ आहे. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करायला मनाई झाली आणि त्यांचे खेळ वाढले. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमात मुलींचा व्हॉलीबॉल सामना बघायला ९२,००३ माणसे आली. फुटबॉलच्या याच विद्यापीठांत शरद ऋतूत मुलींचे व्हॉलीबॉल आणि सॉकरचे सामने असतात. त्यांची तिकिटे पुष्कळ स्वस्त असतात आणि आयत्या वेळीही मिळतात. ज्या कुटुंबाला लाखाच्या गर्दीची धास्ती वाटते त्याने तिथून सुरुवात करावी.

परतताना हद्दीवर घड्याळ तासभर मागे येते, तरी घरी पोचायला रात्र होते. मुले वाटेतले कालामझू यायच्या आत झोपलेली असतात. पापडीहून लेकीकडे किंवा मुलाकडे सप्टेंबर ते नोव्हेंबरात येणाऱ्या आजी-आजोबांनी नायगारा आणि न्यूयॉर्कच्या यादीत असा एक शनिवार घालावा. ऑक्टोबर सरत आला असेल तर कानटोपी आणि जाड मोजे बरोबर घ्यावेत, कारण मिशिगनची उघडी बाके फार गार असतात.