दोन तास कुणी बसेल का?

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात राहायचो तेव्हा शेजारची सिंधी आंटी दारात पापड वाळत घालायची. माझा मुलगा तीन वर्षांचा होता. बोलायचा नाही, हाक मारली तरी वळायचा नाही. पण ओळीने मांडलेल्या त्या पापडांपाशी दोन-दोन तास गप्प उभा राहायचा. आंटी त्याच्या हातात पिठाची लाटी द्यायची आणि मला म्हणायची, "तू जा, नहा ले, पानी भर ले. बैठा है वो." ऑटिझम हा शब्द तिने कधी ऐकलाही नसेल. पुढच्या सोळा वर्षांत मला कागदांची, पैशांची, सल्ल्यांची मदत झाली. सल्ल्यांची तर फारच. पण तिच्या त्या दोन तासांची सर कशालाच आली नाही.

घर म्हणजे जुनी बराक. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं. एकेका बराकीत भिंती घालून केलेली बिऱ्हाडं. दादा (घरात आम्ही सगळेच त्याला दादा म्हणतो) रात्री दोनला किंचाळला की चार घरं जागी व्हायची. पण त्यामुळेच त्या चार घरांना त्याच्या किंचाळण्याचा अर्थही कळायचा.

"मुलगे उशिरा बोलतात," असं सासूबाई म्हणाल्या, एक डॉक्टरही म्हणाले. त्यात दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षाचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून कुणाचं मूल दोन वर्षांचं होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, नजर देत नसेल, तर मी भोचकपणाचा आरोप पत्करून सांगते: थांबू नका. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. निदान चुकीचं ठरलं तर पेढे वाटा.

मग टक्के सुरू झाले. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के लिहून आल्याशिवाय बहुतेक सवलतींचं दार उघडत नाही. दादाचे 75 आले आणि मला हायसं वाटलं. आपल्या पोराला जास्त टक्के पडावेत म्हणून आईने देवाला नमस्कार करावा, अशी ही परीक्षा. 1995 च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. 2016 च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात तो आला. आता प्रमाणपत्राबरोबर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. ते आधी काढा, बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

येतं म्हणजे काय? संजय गांधी निराधार योजनेची मदत 2025 मध्ये दिव्यांगांसाठी महिना 2500 रुपये झाली, पण उत्पन्नाची अट अशी की लोकलने रोज नोकरीला जाणाऱ्याचं घर तिच्यात बसत नाही. 'निरामय' विमा मात्र आमच्यासारख्यांनी जरूर काढावा. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीची बिलंही धरतात. महापालिका असो की नगरपालिका, स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणं तिच्यावर बंधनकारक आहे. तुमच्या नगरसेवकाला एकदा विचारून बघा, यंदाचा कुठे गेला. मी विचारते. आता ते मला लांबून ओळखतात.

भाडं परवडेना म्हणून आम्ही बदलापूरला आलो. कर्ज काढून चौथ्या मजल्यावर घर घेतलं. लिफ्ट मिळाली, आंटी सुटली. इथे दारं बंद असतात. पहिल्याच महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'आवाजाचा प्रश्न' निघाला. मी हात वर करून सांगितलं, आवाज माझ्या मुलाचा आहे, त्याला बोलता येत नाही. सगळे फार चांगुलपणाने गप्प बसले. त्यानंतर तक्रार कधी आली नाही, आणि माणूसही कुणी आलं नाही.

त्याला कल्याणच्या विशेष शाळेत पोचवायची तेव्हा आम्ही दिव्यांगांच्या डब्यातून जायचो. दादा धडधाकट दिसतो, उंचापुरा. रोज कुणीतरी विचारायचंच, "याला काय झालंय?" त्याच डब्यात वांगणीचे अंध विक्रेते असत. स्वस्त भाड्यामुळे वांगणीला अंधांची कितीतरी कुटुंबं राहतात. 2021 मध्ये तिथे पॉइंट्समन मयूर शेळके यांनी गाडीपुढे धावत जाऊन अंध आईचं रुळावर पडलेलं लेकरू वाचवलं, तेव्हा देशाला ते स्टेशन कळलं. शेळक्यांनी बक्षिसाच्या रकमेतला निम्मा वाटा त्या मुलाच्या शिक्षणासाठी देऊ केला, हे मात्र फार जणांच्या लक्षात नाही. आमच्या डब्यातले एक काका पिना-कंगवे विकायचे. दादा खुशीत टाळ्या वाजवतो. त्यावरून ते ओळखायचे, "आले का टाळीवाले!" आणि मला म्हणायचे, "ताई, तुम्ही अंबरनाथपर्यंत डोळे मिटा, मी धरतो त्याचा हात." सात-आठ मिनिटं. मी खरंच झोपायचे.

अठरा पूर्ण झाली आणि शाळा संपली. त्याच सुमारास कळलं की कायद्याच्या दृष्टीने मी त्याची पालकही उरलेले नाही. मूल सज्ञान झालं की आई-बापाचं पालकत्व आपोआप संपतं, मग त्याला स्वतःची सही करता येवो न येवो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व नव्याने मागता येतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे, म्हणजे आम्हाला ठाण्याला. सतरावं लागलं की कागद गोळा करायला घ्या. बँकेत अडल्यावर धावाधाव होते, आमची झाली.

आता तो दिवसभर घरी. मी पहाटे चारला पोळ्यांच्या ऑर्डरी करते, कारण तेव्हा तो झोपलेला असतो. हे सहाच्या आधीची लोकल पकडतात, रात्री साडेआठला येतात. मधले तास माझे. गेल्या वर्षी दाढ ठणकत होती तरी डॉक्टरकडे जायला मला तीन आठवडे लागले. धाकटी दहावीला आहे. एकदा भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "तुमच्यानंतर दादाला मीच बघायचं ना?" स्वर अगदी साधा, उद्या डब्याला काय विचारावं तसा. मला उत्तर सुचलं नाही.

याच प्रश्नाने ठाण्याचे शिक्षक अविनाश बर्वे आणि त्यांच्यासारख्या पालकांना नव्वदच्या दशकात एकत्र आणलं. त्यांनी अमेय पालक संघटना काढली आणि खोणीला 'घरकुल' उभं केलं, मतिमंद मुलांचं कायमचं घर. बदलापूरहून काटईच्या रस्त्याने गेलं की खोणी लागतं. आमच्या बदलापूरजवळ बेंडशीळला 'संगोपिता' आहे. अशी घरं हवीतच, आणि जागेपेक्षा रांग नेहमी मोठी असणार. पण मला आज दादाला कुठे ठेवायचं नाहीये. चोवीस तास आई किंवा चोवीस तास संस्था, एवढे दोनच पर्याय का? मधलं काही नको? राष्ट्रीय न्यासाने विसाव्यासाठी 'समर्थ' योजना आखली, 2016 च्या कायद्यात काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूद आहे. म्हणजे आई थकते हे सरकारला माहीत आहे. पण मला आजवर मिळालेला विसावा पापडवाल्या आंटीचा आणि पिना विकणाऱ्या काकांचा.

अंबरनाथच्या थेरपी सेंटरबाहेर बाकावर बसून आम्ही चार आयांनी आपली सोय आपणच केली. महिन्यातून एकदा एकीच्या घरी दोन मुलं, दुसरीला सुट्टी. पहिल्या सुट्टीत मी नुसती फलाटावर बसून चहा प्यायले. पण दोन मुलं एकदम सांभाळणं सोपं नाही, आणि चौघींच्याही कमरा गेल्यात. यात बाहेरचं माणूस हवं.

तर आमच्या इमारतीतल्या आणि तुमच्याही इमारतीतल्या लोकांना सांगते, दादाजवळ दोन तास बसायला शिक्षण लागत नाही. त्याला पाठीमागून हात लावू नका. कुकर लावणार असाल तर आधी सांगा. मटार सोलायला द्या, दाणे ओळीने मांडेल, मांडू द्या. टाळ्या वाजवल्या तर समजा मजेत आहे. मी खालीच असेन, फोन चालू असेल. रविवारी चार ते सहा. बेलला तो दचकतो, दार ठोकलंत तरी चालेल.