नियम कुणी केला? (भाग ६) : काळ्याहून काळे केस

सातवीत असताना आमच्या शाळेचे पीटीचे सर खिशात कात्री घेऊन रांगेतून फिरायचे. प्रार्थना संपली की "माना खाली!" अशी आरोळी यायची. कुणाचे केस कॉलरला टेकलेले दिसले, की सर त्याच्यासमोर येऊन उभे राहत आणि कपाळावरची एक बट मुळापासून कापून टाकत. वाढलेले केस मागचे, कापायचे मात्र पुढचे. त्यात हिशेब होता. मागची बट कापली तर पोरगा तसाच महिनाभर हिंडेल. पुढची कापली की संध्याकाळी सलून गाठल्यावाचून सुटका नाही. आमच्या गल्लीतला न्हावी खुर्चीत बसवता बसवताच विचारायचा, "सर का?" आणि उत्तराची वाट न बघता मशीन लावायचा. केस कॉलरपर्यंत आल्याने गणित कसं कच्चं राहतं, हे मात्र सरांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

हा प्रश्न जपानमध्ये विचारला गेला आणि तोही कोर्टात. म्हणून आजचा भाग तिकडचा.

जपानमध्ये शाळेच्या नियमांना 'कोसोकु' म्हणतात. केस कसे असावेत हे सांगणारा कोणताही कायदा संसदेने केलेला नाही. नियम शाळा करते आणि तो करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांचा, असं तिथली न्यायालयं मानत आली आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जपानी शाळांत मारामाऱ्या, तोडफोड, शिक्षकांवर हात टाकणं असे प्रकार बोकाळले. तेव्हाचा वाह्यात पोरगा लांबून ओळखू यायचा : केस रंगवलेले किंवा कुरळे करून घेतलेले, कोट आखूड नाहीतर घोट्यापर्यंत. शाळांनी मग वागणुकीऐवजी ही खूणच धरली. केस रंगवायचे नाहीत, पर्म करायचा नाही. ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर बर्फात ठेवावा, तशातला हा प्रकार.

मुलांच्या केसांचं पहिलं गाजलेलं प्रकरण कुमामोतोचं. तिथल्या एका सरकारी शाळेत मुलांनी डोक्यावर मशीन फिरवून घ्यावं, असा नियम होता. एका मुलाने नकार दिला, पालक कोर्टात गेले. १९८५च्या नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. असल्या नियमाने खरंच काही साधतं का, याबद्दल न्यायालयाने स्वतःच शंका व्यक्त केली. पण नियम उघड-उघड आणि टोकाचा अवाजवी आहे असं म्हणता येत नाही, म्हणून तो बेकायदा ठरत नाही, असं सांगून दावा फेटाळला. नियम शहाणपणाचा आहे की नाही हे शाळेने बघावं, आम्ही फक्त तो वेडेपणाचा आहे का एवढंच बघू, असा त्याचा अर्थ. पुढची अनेक वर्षं शाळा याच पळवाटेने निभावून गेल्या.

दुसरं प्रकरण ओसाकाचं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

ओसाका प्रांतातल्या हाबिकिनो शहरातल्या सरकारी हायस्कूलमध्ये २०१५ साली एक मुलगी दाखल झाली. तिच्या म्हणण्यानुसार तिचे केस जन्मापासून तपकिरी होते. शाळेने तिला ते काळे करून यायला सांगितलं. ती काळे करून आली. रंग उतरला, पुन्हा सांगितलं. पुन्हा रंगवले. दावा असा होता, की पुढे पुढे दर चार दिवसांनी रंगवण्याची पाळी आली आणि टाळूची आग होऊ लागली. तक्रारीत आणखी एक वाक्य होतं : परदेशातून सोनेरी केसांची विद्यार्थिनी आली तरी तिलाही काळे करायला लावू, असं शाळेने सांगितलं म्हणे. सप्टेंबर २०१६मध्ये मुलीने शाळेत जाणं बंद केलं. २०१७च्या एप्रिलमध्ये नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं, तेव्हा वर्गात तिचं बाक नव्हतं आणि यादीत नाव नव्हतं. त्याच वर्षी तिने ओसाका प्रांताच्या सरकारवर सुमारे २२ लाख येनचा दावा लावला.

शाळेचा नियम होता 'केस रंगवू नयेत'. तो नियम पाळायला लावण्यासाठी शाळा तिला केस रंगवायला लावत होती. आपल्याकडच्या एखाद्या लोकनाट्यातल्या हवालदाराच्या तोंडी शोभावा असा हा युक्तिवाद जपानी शिस्तीने, गंभीर चेहऱ्याने चालला होता.

निकाल १६ फेब्रुवारी २०२१ रोजी लागला. इथे वाचकांनी घाई करू नये, कारण मुलगी जिंकली असंही म्हणता येत नाही आणि हरली असंही. न्यायालयाने नियम कायदेशीर ठरवला. शाळेची शिस्त राखणं हा वाजवी हेतू आहे, असं म्हटलं. शिक्षकांनी केसांची मुळं पाहिली होती, ती त्यांना काळी दिसली होती, तेव्हा केस मुळात काळेच असावेत असं मानायला त्यांना आधार होता, हेही न्यायालयाने मान्य केलं. म्हणजे जन्मजात तपकिरी केसांचा तिचा दावा टिकला नाही. भरपाई मिळाली ती बाक आणि नाव काढून टाकल्याबद्दल : ३ लाख ३० हजार येन, तेव्हाच्या दराने साधारण सव्वादोन लाख रुपये. त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने हाच निकाल कायम केला आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुलीचं अपील फेटाळलं.

मला या निकालात सर्वांत जास्त खटकतात ती 'मुळं'. शिक्षक मुलीचे केस बाजूला सारून मुळं तपासतात, हे दृश्यच मुळी चुकीचं आहे. केस जन्मजात तपकिरी की रंगवलेले, यावर सगळा वाद झाला आणि तपकिरी असले तर बिघडलं कुणाचं, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

केस पारखण्याची ही पद्धत इतरत्र कागदावरही उतरली होती. तोक्योतल्या निम्म्याहून अधिक सरकारी हायस्कुलांत 'केस नैसर्गिक असल्याचा दाखला' मागितला जातो, अशी बातमी २०१७ साली तिथल्या वर्तमानपत्रात आली. पालकांनी सही-शिक्का मारून द्यायचा, की आमच्या मुलीचे केस जन्मतःच असे आहेत. काही शाळा लहानपणीचा फोटोही मागत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांच्या रांगा लावणाऱ्या आपल्यालाही केसांचा दाखला सुचला नव्हता, हे नोंदवून ठेवू.

पण नियमांनी मुलांची हौस थांबली का? सत्तरच्या दशकात दांडगट मुलींच्या टोळ्यांनी स्कर्ट घोट्यापर्यंत लांब केले, तेव्हा शाळांना स्कर्ट फार लांब नको असं सांगावं लागलं. नव्वदच्या दशकात मुलींनी तोच स्कर्ट कमरेशी दुमडून आखूड केला, खाली ढगळ, गोळा झालेले पांढरे मोजे घातले, आणि शाळा आता गुडघ्याशी पट्टी घेऊन उभ्या राहिल्या. मुलगे काळ्या बंद गळ्याच्या कोटाचं वरून दुसरं बटण निरोपाच्या दिवशी तोडून आवडत्या मुलीला देतात, कारण ते काळजाच्या सर्वांत जवळ असतं. गणवेश सगळ्यांचा एकच. बटण मात्र एकीचंच.

बदल अखेर कोर्टातून आला नाही, तो हसण्यातून आला. ओसाकाच्या बातमीनंतर 'काळे नियम' हा शब्द जपानभर झाला आणि लोक आपापल्या शाळेतले मासले सांगू लागले. तोक्योच्या काही सरकारी हायस्कुलांत 'टू ब्लॉक' कटवर बंदी होती : बाजूने बारीक, वर लांब, आपल्या सलूनमधल्या अंडरकटचाच भाऊ. २०२०मध्ये तोक्योच्या विधानसभेत एका सदस्याने विचारलं, याला बंदी का? शिक्षणप्रमुखांनी उत्तर दिलं, की दिसण्यामुळे मुलं एखाद्या घटनेत वा अपघातात सापडू शकतात. हेअरकटमुळे अपघात! या उत्तराची महिनोन् महिने टिंगल झाली. एप्रिल २०२२पासून तोक्योच्या शिक्षण मंडळाने पाच गोष्टी नियमांतून काढून टाकल्या : सगळ्यांचे केस एकसारखे काळे असण्याची सक्ती, टू ब्लॉकवरची बंदी, अंतर्वस्त्राचा रंग ठरवून देणं (होय, तेही होतं), घरी बसवण्याची शिक्षा, आणि 'हायस्कूलच्या विद्यार्थ्याला साजेसं' ही शब्दयोजना.

यातला शेवटचा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या शाळांच्या डायऱ्यांतही तो असतो : 'विद्यार्थ्यास शोभेल अशी केशरचना असावी.' शोभतं की नाही हे ठरवणार कोण? ज्याच्या हातात कात्री, तो. नियम मोघम ठेवला की तो नियम राहत नाही, ती माणसाची मर्जी होते. 'केस कॉलरच्या वर असावेत' हा निदान मोजता येणारा नियम आहे. त्यावर भांडता येतं, तो बदलताही येतो. मर्जीवर भांडायचं कसं?

आपल्याकडचा कायदा या बाबतीत इतका मुका नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. म्हणजे रांगेत उभं करून बट कापणं आज गुरुजींच्या अंगाशी येऊ शकतं. त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित खासगी शाळा तेवढ्या या समितीच्या सक्तीतून सुटल्या आहेत. बैठकीत बहुधा पाण्याची टाकी आणि स्नेहसंमेलनाचा खर्च एवढंच निघतं. केसांचा विषय निघायला कुणाची हरकत नसावी.

तुमच्या मुलांच्या शाळेच्या डायरीत केस, रिबिनी, मेंदी, टिकली, बांगड्या, कडं यांबद्दल नेमकं काय छापलंय, ते आज रात्री काढून वाचा. जमल्यास तो मजकूर जशाच्या तसा, शाळेचं नाव झाकून, आम्हाला पाठवा. निवडक मासले आठव्या भागात छापू. पुढच्या आठवड्यात अमेरिकेतलं दे मॉइन शहर, साल १९६५, आणि मुलांनी दंडावर बांधलेली एक काळी फीत.