खुंटी कुठे ठोकायची?

सकाळी ९.३०
तोंडात फिरवायचा स्कॅनर लावते, कॅलिब्रेट करते, वाफेतून निघालेली त्याची टोकं मोजून ठेवते. दातांचा ठसा घ्यायची आल्जिनेटची पावडर अजून कपाटात आहे. इथे विरारच्या बोळिंजमध्ये वीज गेली की जुनं माप आणि प्लास्टरच कामाला येतं.

१०.००
दुपारची शाळा असलेली मुलं आता येतात. म्हाडाच्या वसाहतीतला नऊ वर्षांचा मुलगा, वरच्या पटाशीच्या दोन दातांत फट. ‘‘तारा आजच लावा ना, डॉक्टर,’’ त्याची आई म्हणते. या वयात वरचे सुळे हिरडीआड खाली सरकत असतात. त्यांचा दाब शेजारच्या मुळांवर येतो, म्हणून दात फाकतात. अकरा-बाराव्या वर्षी सुळे उतरले की फट बहुतेकदा आपसूक मिटते. ‘‘ताई, मोबाइलवर बघून घरी रबर मात्र अडकवू नका. ते हिरडीत सरकत जातं आणि चांगला दात हातात येतो.’’

स्कॅन प्रकाशाचा, क्ष-किरणांचा नाही. पडद्यावर स्वतःची टाळू फिरताना बघून पोरगा खूश.

११.३०
चेहऱ्याची मापं. एकाच क्षणी अनेक कोनांतून टिपणारी कॅमेऱ्यांची यंत्रं मोठ्या संस्थांत असतात. मी खोली मोजणाऱ्या फोनवर भागवते. संशोधनाला ते पुरणार नाही. ओठ सैल, दाढा मिटलेल्या, नजर समोर. हसू आलं की माप गेलं, आणि ‘हसू नकोस’ म्हटलं की हसू येतंच.

२.००
दवाखाना बंद, खरं काम सुरू. मूल किती वाढलं ते बघायला गेल्या वर्षीच्या स्कॅनवर यंदाचा बसवायचा. पण कशाच्या आधारानं? दात सरकलेत, जबडाही वाढलाय. जी खुंटी धरावी तीच हललेली. १९३१ साली दंततज्ज्ञ ब्रॉडबेंट यांनी डोकं ठरावीक जागी धरून क्ष-किरण चित्रं घेण्याची रीत आणली, तरी हा प्रश्न राहिलाच. पुढे डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या ब्यॉर्क यांनी मुलांच्या जबड्यात टँटलमच्या बारीक टाचण्या बसवल्या आणि वर्षानुवर्षं चित्रं घेतली. तेव्हा दिसलं की वाढता जबडा फिरतोही. हाड एका बाजूला चढतं, दुसऱ्या बाजूला झिजतं, त्यामुळे बाहेरची रेघ ते फिरणं लपवते.

निरोगी मुलाला आज टाचणी कोण मारणार? वरच्या जबड्यासाठी मी टाळूवरच्या वळ्या धरते, चेहऱ्यासाठी कपाळ आणि नाकाचं मूळ. खालच्या जबड्याच्या स्कॅनमध्ये तेवढी भरवशाची जागा नाही. सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते सगळंच जमेल तसं जुळवतं, वाढ इकडेतिकडे वाटून टाकतं आणि वर फरकाचा लाल-निळा सुंदर नकाशा देतं. त्या रंगांचा मला राग आहे.

५.००
आगाशीची अकरा वर्षांची मुलगी, खालचा जबडा मागे. सोबत आजी. ‘‘आमच्या घरात सगळ्यांचीच हनुवटी आत,’’ आजी सांगतात. मी ते लिहून घेते. मुलींची झपाट्याची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येते, म्हणून उंचीही विचारते. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत म्हणे. फोटो मागवला.

८.३०
विरार लोकलमधून उतरून थेट आलेले एक वडील. ‘‘वर्षात पोराचा जबडा किती वाढला?’’ दोन सुळ्यांमधलं अंतर सांगता येतं, त्याला बाहेरची खुंटी लागत नाही. चेहऱ्याचा एक आकडा मी देत नाही. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीतली.

‘‘तोवर काहीच करायचं नाही?’’

‘‘दुधाच्या दाढा किडू द्यायच्या नाहीत. त्या वेळेआधी काढाव्या लागल्या तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि ती जागा परत मिळवायला मग खरंच तारा लागतात.’’