सोळातले दोन जीबी गेले कुठे?

जुन्नरकडच्या एका शाळेतले विज्ञानाचे शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. दिवाळीच्या सुटीनंतर त्यांचा फोन आला. शाळेने नमुन्यादाखल एक छोटा संगणक घेतला होता. जाडजूड शब्दकोशाएवढी पेटी, मॉनिटरच्या पाठीमागे चार स्क्रूंनी बसवायची. दुकानदाराने सांगितले होते, "ग्राफिक्स आतच आहे आणि जोरदार आहे. वेगळे कार्ड लागणार नाही." नववीच्या मुलांनी त्यावर ब्लेंडर हे विनामूल्य मिळणारे त्रिमिती चित्रांचे सॉफ्टवेअर टाकले आणि अंगणातल्या किल्ल्याऐवजी पडद्यावर शिवनेरी उभारायला घेतला. तटबंदी झाली, दरवाजे झाले. झाडे लावू लागले तसा किल्ला फिरवताना पडदा अडखळू लागला. म्हणून सरांनी संगणकाची माहिती उघडून पाहिली. तिथे लिहिले होते : मेमरी १६ जीबी, त्यातली वापरण्याजोगी १३.९ जीबी.

"दोन जीबी गेले कुठे? फसवले का आम्हांला?" सरांचा प्रश्न रोखठोक होता. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून असेच आणखी आठ संगणक घ्यायचे घाटत होते. असे पैसे शाळेला वारंवार मिळत नाहीत.

फसवणूक झाली नव्हती. निदान त्या दोन जीबींची तरी नव्हती.

संगणकात आकडेमोड करणारा मुख्य भाग म्हणजे सीपीयू, आणि पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग म्हणजे जीपीयू, हे आपल्याला माहीत असते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले, तर त्या कार्डावर जीपीयूच्या शेजारी त्याची स्वतःची मेमरी बसवलेली असते. ज्याला 'अंतर्भूत ग्राफिक्स' म्हणतात, त्यात जीपीयू हा सीपीयूच्याच चकतीवर असतो आणि त्याला स्वतःची मेमरी नसते. तो मुख्य मेमरीतून आपला वाटा मागून घेतो. सरांच्या संगणकात सुरू होतानाच सुमारे दोन जीबी त्याच्यासाठी बाजूला काढले जात होते. गरज पडली तर तो आणखीही घेतो.

ही कल्पना जुनी आहे. इंटेलने १९९९ मध्ये काढलेल्या ८१० या चिपसंचात ग्राफिक्स मदरबोर्डवरच होते. २०११ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही सीपीयू व जीपीयू एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आणले. तरी पुढे कितीतरी वर्षे 'आतले ग्राफिक्स' म्हणजे टंकलेखनापुरते, अशीच त्याची ख्याती होती. ती अगदी खोटी नव्हती, पण तिचे कारण बहुतेक जण चुकीचे सांगत. आतला जीपीयू दुबळा म्हणून काम संथ होते, असे मानले जाई. खरे कारण बऱ्याचदा दुसरीकडेच असते.

पंगतीचे उदाहरण घेऊ. जेवायला शंभर माणसे बसली आहेत, सगळी भुकेली आहेत, भरभर जेवणारी आहेत. पण मुदपाकखान्यातून पानापर्यंत अन्न आणणारा वाढपी एकच आहे. आता पंगतीत आणखी पन्नास माणसे बसवली तर जेवण लवकर आटोपेल का? जीपीयूमध्ये शेकडो छोटे गणकघटक एकाच वेळी काम करीत असतात. त्यांची पाने रिकामी राहू नयेत एवढ्या वेगाने मेमरीतून माहिती यावी लागते. मेमरीतून दर सेकंदाला किती माहिती येऊ शकते, हा आकडा वाढप्यांच्या संख्येसारखा आहे. जाहिरातीत पंगतीचा आकडा ठळक छापतात. वाढप्यांचा आकडा शोधावा लागतो.

तो काढायला मात्र सोपा आहे, आठवीच्या मुलांनाही जमेल. सरांच्या संगणकातली मेमरी डीडीआर४-३२०० या प्रकारची होती. ३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा देवघेव. प्रत्येक वेळी एका मार्गिकेवरून ६४ बिट, म्हणजे ८ बाइट जातात. ३२० कोटी गुणिले ८ म्हणजे २,५६० कोटी बाइट, अर्थात सेकंदाला २५.६ जीबी. दोन मार्गिका चालू असतील तर दुप्पट, ५१.२ जीबी.

हे पुष्कळ वाटेल. पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर एक पूर्ण चित्र ८३ लाख बाइटांचे, आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर जेमतेम अर्धा जीबी लागतो. मग अडचण कुठे येते? अडचण अशी की ठिपका एकदा रंगवून काम भागत नाही. तटाच्या मागे बुरूज, बुरुजाच्या मागे झाड. यातले पुढे कोणते, मागे कोणते, हे ठरवण्यासाठी प्रत्येक ठिपक्याची खोली पुन्हा पुन्हा वाचावी लागते, दगडाचा पोत मेमरीतून आणावा लागतो, सावली वेगळी काढावी लागते. एकाच ठिपक्यासाठी मेमरीकडे कितीतरी फेऱ्या होतात. आणि याच वाटेवरून सीपीयूची ये-जाही चालू असते! स्वतंत्र कार्डाला ही वाट कोणाबरोबर वाटून घ्यावी लागत नाही. २०२३ मधल्या आरटीएक्स ४०६० या मध्यम प्रतीच्या कार्डावर ती सेकंदाला २७२ जीबींची आहे.

म्हणजे 'आतला' जीपीयू जात्याच कमजोर असतो असे नाही. सोनीचा प्लेस्टेशन ४ हा खेळयंत्रसंच २०१३ मध्ये आला. त्यातही सीपीयू आणि जीपीयू एकाच चकतीवर होते, आणि मेमरी दोघांत मिळून एकच, ८ जीबी. पण ती ग्राफिक्स कार्डावर वापरतात त्या जातीची वेगवान मेमरी होती, सेकंदाला १७६ जीबी देणारी. याउलट जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या रायझन ७ ८७००जी या चिपमधला रेडिऑन ७८०एम जीपीयू कागदावर त्याच्या दुपटीहून अधिक आकडेमोड करू शकतो, पण डीडीआर५-५६०० च्या दोन पट्ट्या लावल्या तरी त्याला सेकंदाला सुमारे ९० जीबीच मिळतात. नव्या चिप रंगांची माहिती दाबून लहान करतात, थोडी माहिती जवळच साठवतात, त्यामुळे तूट काही प्रमाणात भरून निघते. सगळी नाही.

आता सरांच्या संगणकाकडे परत जाऊ. मी त्यांना टास्क मॅनेजर उघडायला सांगितले. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' म्हणून एक ओळ असते. सरांनी वाचून दाखवले : "दोनपैकी एक."

दुकानदाराने १६ जीबींची एकच पट्टी बसवली होती. ८ च्या दोन बसवल्या असत्या तर दोन्ही मार्गिका चालल्या असत्या. १६ जीबी सांगितले आणि १६ दिले, यात खोटे काही नाही. पण जो संगणक आतल्या ग्राफिक्ससाठी म्हणून विकला, त्याचा एक वाढपी घरीच बसवून ठेवला होता. सरांना न दिसणाऱ्या दोन जीबींची रुखरुख लागली होती आणि निम्मी वाट बंद आहे हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. (दुकानदाराचाही यात काही डाव असेल असे मला वाटत नाही. पुढे मेमरी वाढवायची तर एक खोबण मोकळी राहते, असे तो सांगतो, आणि ते बरोबरही आहे.)

मग 'जोरदार आतले ग्राफिक्स' हा शब्दप्रयोग खरा कोणाला शोभतो? ज्यांनी मार्गिका वाढवल्या त्यांना. अॅपलने २०२० पासून आपल्या एम मालिकेत मेमरी चिपला अगदी खेटून बसवली. २०२४ च्या छोट्या मॅक मिनीत एम४ चिपला सेकंदाला १२० जीबी, तर एम४ प्रो चिपला २७३ जीबी मिळतात. एएमडीने २०२५ मध्ये रायझन एआय मॅक्स मालिका आणली. तिच्यात वाट ६४ बिटांच्या चौपट, २५६ बिट रुंद आहे. एका वेळी ३२ बाइट, सेकंदाला ८०० कोटी वेळा. गुणाकार केला तर २५६ जीबी. म्हणजे मध्यम कार्डाच्या जवळपास. याची किंमत पैशांखेरीज आणखी एका प्रकारे मोजावी लागते. एवढ्या वेगाने चालणारे संकेत खोबणीतल्या पट्टीपर्यंत नीट पोचत नाहीत, म्हणून मेमरी बोर्डावर डाखच देऊन पक्की करतात. घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत. वाढवता येत नाही, आणि बिघडली तर तेवढीच बदलताही येत नाही. गावातल्या दुकानात दुरुस्ती होणाऱ्या संगणकांची आपल्याला सवय आहे. शाळेच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

या महागड्या छोट्या पेट्यांना गेल्या काही दिवसांत मागणी आली ती खेळांमुळे नव्हे, तर घरच्या घरी भाषेची मोठी प्रतिमाने चालवण्यासाठी. अशा प्रतिमानाला प्रत्येक शब्दखंड लिहिताना, ढोबळमानाने, आपली सगळी साठवलेली माहिती मेमरीतून एकदा वाचावी लागते. प्रतिमान ४० जीबींचे असेल तर सेकंदाला २५६ जीबींच्या वाटेवर फार तर सहा शब्दखंड होतील. सरांच्या एका पट्टीवर चाळीस जीबी मावणारच नाहीत. मावले असते तरी एका शब्दखंडाला दीड सेकंद लागला असता. गंमत अशी की ८ जीबी मेमरीच्या स्वतंत्र कार्डातही ते मावत नाही, मग वाट कितीही रुंद असो. इथे सामाईक मेमरीचा दोष हाच गुण होतो : १२८ जीबींची पेटी घेतली तर त्यातला मोठा वाटा जीपीयूला देता येतो. एवढी मेमरी खरोखर वापरणाऱ्याने ती जरूर घ्यावी. आमच्या प्रयोगशाळेने घेतली असती तर मी हरकत घेतली नसती. शाळेने घेतली तर घेईन.

उष्णतेचा विचार मात्र सगळ्यांनीच करायला हवा. पेटी लहान असली तरी आत जाणारी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. चपलांच्या खोक्यात ६५ वॅटचा दिवा लावल्यासारखे ते आहे. पंखा चिमुकला, त्याच्या जाळीत धूळ बसली की चिप स्वतःच आपला वेग कमी करते, आणि एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत हे हमखास होते. पेटी भिंतीला चिकटवू नये, महिन्याला जाळी साफ करावी. दुसऱ्या बाजूने, कमी वीज हाच या पेट्यांचा शाळेसाठी सर्वांत मोठा फायदा आहे. नुसत्या आरटीएक्स ४०६० कार्डालाच ११५ वॅटपर्यंत वीज लागते. तेवढ्यात वर्गातले काम करणाऱ्या दोन-तीन पेट्या चालतात. वीज गेली की इन्व्हर्टर किती वेळ पुरतो, ते यावर ठरते.

मी सरांना सांगितले ते असे. आठ पेट्या घ्या, साध्याच घ्या, 'जोरदार'साठी जास्त पैसे मोजू नका. मेमरीच्या खोबणी दोन आहेत ना, हे आधी विचारा, आणि दरपत्रकात '१६ जीबी' एवढेच न लिहिता '८ जीबींच्या दोन पट्ट्या' असे लिहून घ्या. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे ३२ घ्या असे सहज सांगवत नाही. मुलांना ब्लेंडर मनापासून आवडत असेल, तर नववा संगणक स्वतंत्र कार्डाचा, मोठ्या कॅबिनेटचा असू द्या. त्यातले कार्ड पाच वर्षांनी बदलता येईल, आणि अनेक शास्त्रीय व चित्रणाची सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कार्डांसाठी लिहिलेली असतात, तीही त्यावर चालतील.

नमुन्याच्या संगणकात सरांनी आधी दुसरी पट्टी बसवून पाहिली. वेग दुप्पट झाला नाही, तो होणारही नव्हता. पण किल्ला अडखळायचा थांबला. दोन जीबी अजूनही कमीच दिसतात. मुलांनी आता पायथ्याला झाडे वाढवली आहेत.