शौचाला बसले की लघवी का होते?

शौचाला बसले की बहुतेक वेळा लघवीही होते. पण लघवीला गेले म्हणून दर वेळी शौचाला होत नाही. असे का? प्रश्न साधा आहे, पण वर्गात तो कोणी विचारत नाही. पाठ्यपुस्तकात पचनसंस्था आणि उत्सर्जनसंस्था ही दोन वेगळी प्रकरणे असतात. शरीरात मात्र दोन्हींची दारे शेजारीशेजारी आहेत आणि एकाच तळातून बाहेर पडतात.

आपल्या कमरेच्या हाडांचे कडे खालच्या बाजूने उघडे असते. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी तिथे ताणलेली असते. हिला श्रोणितल, म्हणजे ओटीपोटाचा तळ म्हणतात. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि स्त्रियांमध्ये या दोहोंच्या मध्ये गर्भाशय, असे हे अवयव या झोळीच्या आधाराने राहतात.

प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलीटर लघवी मावते. मुलांसाठी डॉक्टर एक सोपा हिशेब वापरतात : वयात 1 मिळवा आणि 30 ने गुणा. दहा वर्षांच्या मुलीसाठी उत्तर येते 330 मिलिलीटर, म्हणजे दीड पेल्याच्या आसपास. मूत्राशयाच्या तोंडाशी दोन बंद असतात. आतला आपोआप चालतो, बाहेरचा आपल्या इच्छेने. गुदद्वारालाही असेच दोन बंद असतात. इच्छेने चालणारे दोन्ही बंद आणि श्रोणितल यांच्याकडे येणाऱ्या चेतातंतूंचा उगम मज्जारज्जूच्या एकाच लहानशा भागात आहे.

गुदाशयाला आणखी एक संरक्षण असते. श्रोणितलातला एक स्नायू गोफणीच्या पट्ट्यासारखा त्याला मागून वेढतो आणि पुढे ओढून धरतो. पाण्याची रबरी नळी दुमडली की धार थांबते, तसा इथे जवळजवळ काटकोनाचा बाक तयार होतो. शौचाच्या वेळी हा स्नायू सैल पडतो, बाक सरळ होऊ लागतो आणि वाट मोकळी होते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. शौचाला बसल्यावर सगळा तळच सैल पडतो. त्याबरोबर लघवीचा बाहेरचा बंदही ढिला होतो, पोटातला दाब थोडा वाढतो, आणि पातळ लघवीला तेवढी वाट पुरते. नुसत्या लघवीच्या वेळी मात्र गुदद्वाराचे बंद मिटलेले राहतात, शिवाय बहुतेक वेळा गुदाशय रिकामाच असतो.

उकिडवे बसल्यावर हा बाक अधिक सरळ होतो. इस्रायलमधील डॉव्ह सिकिरोव्ह यांनी 2003 साली 28 जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. उकिडवे बसून पोट साफ व्हायला सरासरी 51 सेकंद लागले, तर उंच कमोडवर 130 सेकंद. घरी कमोड असेल तर पायाखाली पाट घ्यावा, गुडघे कमरेच्या वर येतात.

एक प्रयोग करून पाहा

एक मोठी बरणी आणि दोन फुगे घ्या. एक फुगा बरणीत ठेवून त्यात मावेल तितके पाणी भरा आणि ते मोजा. मग दुसरा फुगा बरणीतच फुगवून बांधून ठेवा आणि पहिल्यात पुन्हा पाणी भरा. आता किती कमी पाणी मावले? दुसरा फुगा म्हणजे मळाने भरलेला गुदाशय. पोटाची भिंत काचेसारखी कडक नसते, त्यामुळे प्रत्यक्षात परिणाम एवढा मोठा नसतो. पण तो असतो. अमेरिकेत 1997 साली बद्धकोष्ठ असलेल्या 234 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 29 टक्के मुलांची दिवसा चड्डीत लघवी होत असे. बद्धकोष्ठ बरे झाल्यावर यांपैकी 89 टक्के मुलांचा हा त्रास थांबला.

हे शिक्षकांनी लक्षात ठेवायला हवे. शाळेतले स्वच्छतागृह घाण असेल, पाणी नसेल, दाराला कडी नसेल, तर मुली काय करतात? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाणी कमी पडले की मोठे आतडे मळातले पाणी अधिक शोषून घेते. मळ कडक होतो, कुंथावे लागते, भरलेला गुदाशय मूत्राशयाला दाबतो. वर लघवी तुंबवून ठेवली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. दुसरीकडे, सतत आवळून धरण्याची सवय लागलेला तळ शौचाच्या वेळीही सैल पडत नाही. आवळता येणे हा ताब्याचा अर्धा भाग, वेळेवर सैल सोडता येणे हा उरलेला अर्धा.

मुली मोठ्या झाल्यावर हा प्रश्न शेतात जातो. गोदाकाठच्या पुणतांब्याचे नाव 2017 च्या शेतकरी संपामुळे राज्यभर झाले. शेतीमालाच्या भावाची चर्चा तिथे उघडपणे झाली. शेतात राबणाऱ्या बाईने लघवीला कुठे जावे, याची चर्चा मात्र कोणत्याच गावात फारशी होत नाही. नगर जिल्हा उसाचा. हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या या पट्ट्यात येतात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन गाडीत चढवताना पोटातला दाब वाढतो आणि तो सगळा श्रोणितलावर येतो. बाळंतपणात ताणलेला तळ सावरण्याआधीच असे ओझे उचलले, तर खोकताना लघवी होणे, अंग बाहेर येणे असे त्रास होऊ शकतात. 2019 साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यात 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. या शस्त्रक्रियांमागे अनेक कारणे होती. पण एक गोष्ट शरीरशास्त्र स्पष्ट सांगते : गर्भाशय काढल्याने झोळी बळकट होत नाही.

ती बळकट होते व्यायामाने. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये असा व्यायाम मांडला. आपल्याकडचा मूलबंध याच्या जवळचा. वायू अडवताना आवळतो ते स्नायू पाच सेकंद वर ओढायचे, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे, असे दहा वेळा. श्वास रोखायचा नाही. लघवीची धार मध्येच तोडून हा सराव करू नये. मूत्राशय नीट रिकामे होत नाही. ज्यांचा तळ आधीच आवळलेला राहतो, त्यांना सैल सोडणेच शिकावे लागते. लघवीत जळजळ किंवा रक्त, नव्याने सुरू झालेली गळती, पायात बधिरपणा, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडेच जायला हवे.

शिक्षण हक्क कायद्याने 2010 पासून शाळेत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बंधनकारक केली आहेत. कडी, पाणी आणि तासाच्या मध्येही न रागावता दिलेली परवानगी, एवढे मात्र शाळेनेच पाहायचे आहे. चड्डी ओली करणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याआधी त्याच्या पालकांना विचारावे : याला शौचाला रोज, न कुंथता होते का?