भरती आली की रोहित कुठे जातात?

मे महिना सरत आला की मुंबईकराला दोनच गोष्टी सुचतात. आंबे संपण्याआधी खाऊन घ्यायचे आणि पावसाची वाट बघायची. आमच्या घरात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. एक संध्याकाळ शिवडीच्या जेटीवर काढायची, पाहुण्या पक्ष्यांना निरोप द्यायला.

गेल्या उन्हाळ्यात बरोबर भाची होती. साताऱ्याहून मामाकडे सुट्टीला आलेली. निघण्याआधी मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघू लागलो, तेव्हा तिला वाटले, मामा मुहूर्त काढतोय. एका अर्थी खरेच होते ते. कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीला तीनाने गुणायचे, चाराने भागायचे, येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. दशमीला साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास भरती, दुपारी दीडच्या पुढेमागे ओहोटी आणि संध्याकाळी पुन्हा पाणी चढणार. पुरती ओहोटी असताना गेलात तर पक्षी दूर आत, चिखलात ठिपक्यांएवढे दिसतात. पाणी चढू लागले की ते मागे सरकत सरकत काठाशी येतात. शिवाय जेटीचे तोंड पूर्वेला, त्यामुळे उतरते ऊन आपल्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर. दुर्बीण साधी असली तरी चालते.

जागा रम्य वगैरे मुळीच नाही. वाटेवर ट्रक, वारा फिरला की कुजट वास, समोर माहुलच्या बाजूला तेलाच्या टाक्या आणि चिमण्या. भाचीने नाक दाबले. पण हा चिखल म्हणजेच इथले अन्नछत्र. तिवरांची कुजलेली पाने, खाडीचा गाळ, शहराचे सांडपाणी, या सगळ्यावर शेवाळ पोसते आणि त्यावर बाकीचे जग. मुलांना घेऊन गेलात तर पक्ष्यांआधी पायाखाली बघायला सांगा. निवट्या पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारत असतात. एक नांगी भलीमोठी आणि दुसरी इवलीशी असलेले खेकडे ती मोठी नांगी हलवून शेजाऱ्यांना दम देत असतात. भाची इथेच अर्धा तास रमली आणि नाकावरचा हात कधी निघाला ते तिला कळलेही नाही.

छोट्या पक्ष्यांपैकी बहुतेक तोवर गेलेले असतात. साळुंकीहून लहान, चोच खाली वाकलेला एक तुतवार असतो. थंडीत तो राखाडी, नजरेत न भरणारा. एप्रिलमध्ये त्याच्या छाती-पोटाला विटेसारखा तांबडा रंग चढतो आणि तो थेट सैबेरियाच्या टुंड्रात अंडी घालायला निघून जातो. मेअखेरीस चिखलावर राहतात ती बहुधा वर्षभराची पोरे. अजून लग्नाचे वय न झालेली, असे मी भाचीला सांगितले.

आणि मग रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. यातले बुटके, गर्द तांबड्या चोचीचे ते छोटे रोहित आणि उंच, पांढरट गुलाबी, चोचीचे टोक तेवढे काळे असलेले ते मोठे रोहित. करड्या रंगाची त्यांची पिल्लेच. डोके उलटे करून, चोच पाण्यात घालून, जिभेने पाणी आत ओढायचे आणि चोचीच्या कडांच्या गाळणीतून बाहेर टाकायचे. आत राहते ते जेवण. छोट्या रोहितांना सूक्ष्म शेवाळ, मोठ्यांना बारीक शिंपले आणि कोलंबीच्या जातीचे जीव. पिसांचा गुलाबी रंगही याच जेवणातला. घरटी मात्र इथे नाहीत. ती कच्छच्या रणात, चिखलाचे उंचवटे करून, एका उंचवट्यावर एक अंडे.

शिवडीला हे थवे १९९०च्या दशकाच्या मध्यापासून येऊ लागले. न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या सागरी पुलाचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या वर्षांत इथला गुलाबी पट्टा विरळ होत गेला. थवे खाडीत वर, ऐरोली-भांडुपकडे अधिक दिसू लागले. सगळा दोष एकट्या पुलावर टाकावासा मला वाटत नाही, खाडीचा गाळही जागा बदलत असतो. २०१८ मध्येच ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली. चांगलेच झाले.

सहाच्या सुमारास पाणी काठाशी आले. दशमीची भरती भांगाची, मवाळ. उधाणासारखी धावत येत नाही. तरी चिखलाची पट्टी हळूहळू अरुंद होत होती. भाचीने विचारले, ''मामा, सगळं पाणी भरलं की हे जातात कुठे?''

इतकी वर्षे जेटीवर येऊन हा प्रश्न मला फार उशिरा पडला होता. आपण पक्ष्यांचे जेवणघर बघतो आणि घरी जातो. पण दर भरतीला त्यांना काही तास उभे राहायला उथळ पाणी लागते, जिथे कोणी हुसकावणार नाही. त्यासाठी ते नेरूळ-सीवूड्स भागातल्या तळ्यांवर आणि पाणथळींवर जातात. या जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर. नकाशावर बघितल्या तर मोकळ्या, म्हणजे आपल्या हिशेबी रिकाम्या. नेरूळच्या अशाच एका तळ्यात खाडीचे पाणी येण्याची वाट २०२४ मध्ये बंद झाली. तळे सुकत गेले आणि त्या एप्रिलमध्ये तिथल्या काही रोहितांचा जीव गेला. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. बाकीच्या तळ्यांचा निकाल त्याने लागत नाही. जेवण इथे, विसावा तिथे. दोन्हींपैकी एक गेले तर दुसऱ्याचा उपयोग काय? भाचीला मी एवढेच म्हणालो, ''पलीकडच्या काठावर त्यांची बसायची जागा आहे. आहे तोवर.''

साडेसहाला थवा उठला. बसलेला असताना जो फिका वाटतो त्याच्या पंखांत केवढा लाल-काळा रंग दडलेला असतो, ते तेव्हाच दिसते. माना पुढे, पाय मागे, पुलाच्या वरून ते नवी मुंबईच्या दिशेला वळले. भाची मोठ्याने मोजत होती. त्रेसष्टपर्यंत आली आणि मागून ट्रकचा भोंगा वाजला. पुढचे मोजायचे राहिले, म्हणून परतीच्या लोकलमध्ये तिने कॅलेंडरातली पुढची दशमी कधी ते विचारून घेतले. तोवर तिची शाळा सुरू झालेली असणार होती आणि पाऊसही.