धारचा फडके स्टुडिओ : एक आगळे संग्रहालय

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. भव्य इमारत, काचेची कपाटे आणि 'हात लावू नये' अशी पाटी. माळव्याच्या प्रवासात आम्ही जे संग्रहालय पाहिले, ते या चित्रात बसणारे नव्हते. ते एका शिल्पकाराचे कामाचे घर होते. तेथे आम्हांस जे कळले ते आपल्या शाळेतील बालमित्रांना व त्यांच्या घरच्या मंडळींना सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

देवास आणि धार ही दोन्ही पवारांच्या राजधानीची गावे. अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा माळव्यात उतरल्या, त्यांच्याबरोबर पवार घराणे तेथे स्थिरावले. देवासला तर थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. राजवटी गेल्या, परंतु मराठी बोलणारी घरे राहिली. त्याच सुमारास क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले आणि १९९२ मध्ये निधन पावेपर्यंत ते गाव त्यांनी सोडले नाही. देवासची टेकडी पाहून आम्ही इंदूरवरून धारला पोचलो. भोजराजाची नगरी म्हणून प्रवासी येथे येतात. आम्ही मात्र खंडेराव टेकरीवरील फडके स्टुडिओची वाट विचारली.

रघुनाथ कृष्ण फडके यांचा जन्म २७ जानेवारी १८८४ रोजी वसई येथे झाला. धार संस्थानाच्या आश्रयाने हा कोकणचा कलावंत माळव्यात आला आणि कायमचा धारकर झाला. भारत सरकारने १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १७ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. ही नावनिशी वाचून कोणी म्हणेल, 'आम्ही तर यांचे काहीच पाहिलेले नाही.' पण मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर जो गेला आहे, त्याने फडक्यांचे काम पाहिलेले आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचा देहान्त झाला व चौपाटीवर त्यांना अग्नी देण्यात आला. त्या स्थानी पुढे लोकमान्यांचा जो पुतळा उभा राहिला, तो फडक्यांनी घडविलेला आहे. पुतळा हजारो लोक पाहतात, शिल्पकाराचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

स्टुडिओत पाऊल ठेवताच चोहोकडून पांढरे चेहरे आपल्याकडे पाहू लागतात. येथे राष्ट्रपुरुष आहेत, तशी साधी माणसेही आहेत. आमच्याबरोबर आमची भाची होती. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मामा, हे सगळे पुतळे प्लॅस्टरचेच कसे? खरे पुतळे कुठे आहेत?"

प्रश्न लहान मुलीचा, पण मर्माचा होता. त्याचे उत्तर देण्यासाठी पुतळा कसा घडतो हे सांगावे लागेल.

चौकातला धातूचा पुतळा शिल्पकार थेट धातूत घडवीत नाही. प्रथम तो लोखंडी सळ्या, लाकूड व तारा यांचा सांगाडा उभारतो. त्यावर ओली माती चढवून बोटांनी आणि लाकडी कोरण्यांनी आकार देतो. नाक, पापण्या, पागोट्याचे पीळ, उपरण्याच्या चुण्या हे सारे मातीत होते. माती सुकली की तडकते, म्हणून काम चालू असेपर्यंत तिला ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावे लागते. मनासारखी मूर्ती झाली की तिच्यावर प्लॅस्टरचा लेप देऊन साचा घेतात. साच्यातील माती काढून टाकतात, आतून साबणाचा वा तेलाचा हात फिरवितात आणि त्यात पुन्हा प्लॅस्टर ओततात. ते घट्ट झाले की वरचा साचा छिन्नीने जपून फोडतात आणि पांढरी मूर्ती बाहेर येते. माती मोडली, साचा फुटला, उरली ती ही एकच प्रत. पुढे तिच्यावरून ओतारी धातूची मूर्ती ओततो किंवा कारागीर मापे घेऊन संगमरवरात ती उतरवितो.

आता भाचीच्या प्रश्नाचे उत्तर सोपे झाले. धातूचा पुतळा चौकात जातो, प्लॅस्टरची मूर्ती शिल्पकाराच्या घरी राहते. मग खरी कोणती? आम्हांस वाटते, दोन्ही खऱ्या. पण शिल्पकाराच्या बोटांना अधिक जवळची म्हणावी ती प्लॅस्टरचीच. धातूला ओताऱ्याचा व कानशीचा हात लागलेला असतो. प्लॅस्टरवर मात्र मातीत उमटलेला अंगठ्याचा दाबसुद्धा जसाच्या तसा उतरतो.

हे कसे घडते? जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे १५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविला म्हणजे त्यातील बरेचसे पाणी निघून जाते व त्याची भुकटी होते. तिच्यात पाणी मिसळताच ती काही मिनिटांत पुन्हा दगडासारखी घट्ट होते आणि होताना किंचित फुगते. त्यामुळे साच्यातील बारीकसारीक रेघाही भरून निघतात. परंतु गुण तेथेच दोष. हा पदार्थ ठिसूळ आहे, आणि पाण्यात थोडा थोडा विरघळतो. छपरातून ठिबकणारे पाणी धातूच्या पुतळ्याला फारसे बाधत नाही, प्लॅस्टरच्या चेहऱ्यावरील रेषा मात्र ते पावसाळ्यामागून पावसाळा पुसून टाकते. अशी मूर्ती गेली तर ती दुसरी करता येत नाही, कारण साचा तर केव्हाच फोडलेला असतो. कौले शाकारणे, भिंतींची ओल काढणे, धूळ झाडणे ही कामे वरकरणी क्षुल्लक दिसतात. पण अशा संग्रहाचे आयुष्य त्यांवरच अवलंबून असते.

याच धारची एक जुनी गोष्ट येथे आठवते. इ. स. १०३४ मधील एक देवीमूर्ती धारहून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेलेली आहे. तिच्या पीठावरील लेखात ती घडविणाऱ्या मणथल नावाच्या शिल्प्याचा उल्लेख आहे. जवळजवळ हजार वर्षांनंतरही आपण त्याचे नाव घेऊ शकतो, कारण कोणीतरी ते कोरून ठेवले. आणि आपण? आपल्या गावच्या चौकातील पुतळा कोणाचा हे आपण सांगू शकतो. तो कोणी घडविला हे किती जण सांगू शकतील?

स्टुडिओतून बाहेर पडताना भाचीने मागे वळून पाहिले. "मामा, आता चौपाटीवर गेले की मी दोघांना नमस्कार करीन," ती म्हणाली. दुसरा कोण, हे तिला विचारण्याची आम्हांस गरज वाटली नाही.

विद्यार्थिमित्रहो, माळव्यात गेलात तर धारला अवश्य उतरा. ते जमले नाही, तर आपल्या गावच्या पुतळ्यापाशी जा, चौथऱ्यावर शिल्पकाराचे नाव शोधा, आणि ते नसेल तर वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या वहीत लिहून ठेवा.